तारे रेघा होतात, आकाश नारिंगी येतं: कॅमेरा बदलण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिंचवडला घर, 24 मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा) कॅमेरा, त्याच्याबरोबर येणारी 18-55 मिमीची किट लेन्स आणि एक 50 मिमी एफ/1.8. मार्चअखेरच्या अमावस्येला रात्री दहाच्या सुमारास माळशेजच्या पठारावरून दक्षिणेकडे फोटो काढले, 25 सेकंद, आयएसओ 6400. आकाशगंगा आलीच नाही, तारे रेघांसारखे, क्षितिज नारिंगी. घरी एडिट करायला घेतलं तर सगळं जांभळं झालं. आता दीड लाखाचा फुल फ्रेम कॅमेरा घ्यावा का?

नको. निदान या कारणासाठी तरी नको. तुमच्या चार तक्रारींपैकी एकीलाही कॅमेरा जबाबदार नाही. फुल फ्रेमचा फायदा आहे, पण तो साधारण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाएवढा. वीस फ्रेम, म्हणजे एकाच दृश्याचे वीस फोटो, एकावर एक रचून जे मिळतं त्यापुढे तो किरकोळ आहे.

आधी आकाशगंगा का आली नाही ते पाहू. जो तेजस्वी, फुगीर भाग आपल्याला फोटोत हवा असतो तो धनु राशीच्या दिशेला आहे. मार्चअखेर तो क्षितिजावर येतो तोच साडेबाराच्या सुमारास. धुरकटातून वर निघायला अजून दोन तास लागतात. म्हणजे तुमची वेळ पहाटे तीन ते पाच. दहा वाजता पश्चिमेला असते ती मृगाजवळची, हिवाळी, फिकी आकाशगंगा, आणि तुमचं तोंड तर दक्षिणेला होतं. चैत्र अमावस्येला, म्हणजे एप्रिलच्या शेवटी, हाच भाग अकराच्या आत उगवतो आणि पहाटे चारला बरोबर दक्षिणेला सर्वांत उंच असतो. मे महिन्यात वेळ आणखी सोयीची होते, पण ढगांचा भरवसा नाही. पुढचे चार महिने पावसाचे. मग आश्विनात, दिवाळीच्या आगेमागे, अंधार पडता पडता नैऋत्येला तो पुन्हा सापडतो. तेव्हा हातात जेमतेम दोन तास असतात, दहाच्या आत तो मावळतो. सगळं वर्ष मिळून चांगल्या रात्री मोजक्याच, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयात कृष्ण एकादशीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतचे दिवस मी जानेवारीतच पेन्सिलीने गोल करून ठेवतो. नेमक्या वेळेसाठी स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, गावाचं नाव टाकलं की उदय-मावळत मिनिटासह मिळते.

ओळखायचा कसा? मूळ नक्षत्र म्हणजे विंचवाची नांगी. दक्षिणेकडे तोंड करून, नांगीच्या टोकापासून हात लांब करून धरलेल्या एका मुठीएवढं वर आणि किंचित डावीकडे. तिथे आकाशगंगेचा मध्य आहे.

लडाखला गेल्याशिवाय खरं आकाश मिळत नाही, असं तुमच्यासारखे बरेच जण धरून चालतात. लडाखमधल्या हानलेची हवा आणि अंधार यांच्याशी आपली बरोबरी नाहीच, साडेचार हजार मीटरवरची जागा ती. पण अक्षांशाचा हिशोब आपल्या बाजूने आहे. आकाशगंगेचा मध्य खगोलीय विषुववृत्ताच्या 29 अंश दक्षिणेला. पुण्याच्या अक्षांशावरून तो साडेबेचाळीस अंश वर चढतो, हानलेहून जेमतेम 28. नागपूरकडच्या लोकांना तर पेंचचा व्याघ्रप्रकल्प आहे. जानेवारी 2024 मध्ये त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली.

आता नारिंगी क्षितिज. माळशेजहून दक्षिणेला काय आहे? जुन्नर, नारायणगाव, चाकण, पिंपरी-चिंचवड, पुणे. तुम्ही घरापासून दूर गेलात, पण कॅमेरा घराकडेच रोखलात. अंधारी जागा शोधताना किती लांब यापेक्षा शहर कुठल्या दिशेला राहतं हे महत्त्वाचं. आपला विषय दक्षिणेला आहे, तेव्हा शहर पाठीशी, उत्तरेला हवं. चिंचवडच्या माणसाने वेल्हे-भोरकडे उतरावं. मुंबईकरांनी श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या बाजूला जावं, नैऋत्येला नुसता समुद्र असतो. तिथेही होड्यांचे दिवे येतात, पण ते फ्रेममध्ये शोभतात. एप्रिलमध्ये मावळात आणि कोकणात राब भाजायला घेतात, त्या धुराने क्षितिजापासूनचे दहा-पंधरा अंश गढूळ होतात. वळवाची एखादी सर येऊन गेलेली रात्र मिळाली तर ऑफिसात काहीही कारण सांगा आणि निघा.

जाण्याआधी दिवसा एक फेरी मारा. बऱ्याच गडांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई आहे, आणि ती मोडून काढलेला फोटो मला तरी बघवत नाही. पायथ्याच्या गावात पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. एकदा आम्ही न सांगता शेताच्या बांधावर तीन ट्रायपॉड लावून लाल टॉर्च घेऊन बसलो होतो. रात्री दोनला काठ्या घेऊन सहा जण आले. त्यांना वाटलं, आम्ही विहिरीवरच्या मोटारी चोरायला आलोय. पुढचा तासभर त्यांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर कृत्तिका दाखवण्यात गेला आणि सकाळी पिठलं-भाकरी मिळाली, तरी सुरुवातीची दहा मिनिटं काही सुखाची नव्हती.

तारे रेघांसारखे का आले, हा साधा गणिताचा भाग आहे. तारे रेघा न होता किती सेकंद शटर उघडं ठेवता येतं, त्याचा 500 चा नियम तुम्ही वाचला असणार: 500 भागिले फोकल लेंग्थ. पण क्रॉप सेन्सरला आधी दीडने गुणायचं असतं. 18 मिमीवर 500 भागिले 27, म्हणजे साडेअठरा सेकंद. तुम्ही गुणलंच नाही, म्हणून 25 वर पोचलात. आणि हा नियम फिल्मच्या काळातला, आजच्या बारीक पिक्सेलना तो ढिला पडतो. त्यापेक्षा त्याच हिशोबाचं, एनपीएफ नावाचं सोपं सूत्र वापरा: एफ-नंबर गुणिले 35, अधिक पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये गुणिले 30, आणि या बेरजेला फोकल लेंग्थने भागा. तुमच्या सेन्सरचा पिक्सेल 3.9 मायक्रॉनच्या आसपास. एफ/3.5 ला बेरीज येते साधारण 240, भागिले 18, म्हणजे 13 सेकंद. 25 सेकंदांत तारा तुमच्या सेन्सरवर सात-आठ पिक्सेल सरकला. 13 सेकंदांत चार सरकेल, आणि तेवढं डोळ्याला खपतं.

‘मग 13 सेकंदांत उजेड कमी पडेल’ असं म्हणाल. पडेलच. म्हणून एक फोटो नाही काढायचा, वीस काढायचे. फ्रेम न हलवता, ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हलोमीटर लावून, मध्ये एका सेकंदाचा अवकाश ठेवून. वीस फ्रेम रचल्या की नॉइझच्या तुलनेत सिग्नल वीसच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साडेचार पट सुधारतो. आयएसओ 1600 किंवा 3200 ठेवा. आयएसओ वाढवल्याने एकही जादा फोटॉन आत येत नाही, उलट ताऱ्यांचे रंग जळून सगळे पांढरे होतात. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) 4000 केल्विनला पक्का, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, आणि कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइझ रिडक्शनही बंद, कारण ते प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ खातं. त्याचं काम शेवटी डार्क फ्रेम करतात. लेन्सला टोपी घाला, तेच सेकंद, तोच आयएसओ, आणि दहा-पंधरा फ्रेम काढा. हे तिथेच, त्याच गारव्यात उरकायचं, घरी येऊन नाही. थंड देशांतले शिकवणारे ‘डार्क नसले तरी चालतं’ असं सांगतात. एप्रिलच्या रात्री आपल्याकडे सेन्सर तापलेला असतो आणि लाल-निळ्या ठिपक्यांचा सडा पडतो. आपल्याला ते चालत नाही.

फोकसवर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मे फोटो इथेच मरतात आणि ते दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर कळतं. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. किट लेन्सला बहुधा ती नसतेच. मॅन्युअल फोकस, लाइव्ह व्ह्यू, आणि एक ठळक तारा. पहाटे तीनला स्वाती चांगली उंच असते. तिला चौकटीच्या मध्याजवळ आणा आणि पडदा दहापट मोठा करा. पडद्यावर एक थरथरता गोळा दिसेल. रिंग केसभर फिरवा, गोळा लहान होईल. एका बाजूला त्याच्या कडेला लालसर झाक येते, पलीकडे गेलात की हिरवट-निळी. दोन्हींच्या मध्ये एक जागा अशी लागते की स्वातीभोवती आधी नसलेले दोन-चार बारीक तारे अचानक उगवतात. तीच जागा. ते फिके तारे दिसले की हात काढा, रिंगवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, एक फोटो काढून तो मोठा करून पाहा. किट लेन्सवर झूम हलला की फोकस गेलाच समजा, म्हणून झूमलाही टेप. पहाटे गारवा वाढला की पुन्हा तपासा, दर तासाला.

आणि दव. तोरण्याच्या पायथ्याशी एका नोव्हेंबरात मी तीन तास फ्रेम घेत गेलो आणि लेन्सकडे एकदाही पाहिलं नाही. एक वाजल्यानंतरच्या प्रत्येक फोटोत ताऱ्यांभोवती कापसासारखी वलयं. काच धुकटली होती, मी बाजूला चहा पीत होतो. आता यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सला गुंडाळतो, पॉवर बँकवर रात्र निघते. त्याआधी हाताच्या उबेची पाकिटं पायमोज्यात घालून बांधायचो, तेही चालायचं. रुमालाने काच पुसायला जाऊ नका, फोकस हलतो आणि दव पाच मिनिटांत परत येतं.

पहाटे उजाडताना, फोकस तसाच ठेवून, लेन्सवर पांढरा स्वच्छ बनियन ताणून धरा आणि पांढुरक्या आकाशाकडे कॅमेरा करून दहा-बारा फोटो काढा. यांना फ्लॅट म्हणतात. लेन्स कडेला जी काळपट पडते ती यांनी सरळ होते. बनियनवर लोक हसतील, हसू द्या.

आता एडिटिंग, आणि तुमचा जांभळा रंग. इथे बहुतेकांची जी चूक होते ती समजली तर बाकीचं सॉफ्टवेअर महिन्याभरात येतं. शहराचा उजेड आकाशाच्या उजेडात मिसळतो तो बेरीज होऊन. व्हाइट बॅलन्सचा स्लायडर करतो गुणाकार. बेरजेने झालेली घाण गुणाकाराने निघत नाही.

समजा डोक्यावरच्या आकाशाचे लाल, हिरवा, निळा हे आकडे 10, 10, 10 आहेत. क्षितिजाजवळ पुण्याने त्यात 40, 25, 10 घातले, म्हणजे तिथे झाले 50, 35, 20. नारिंगी. तुम्ही केल्विन खाली ओढून क्षितिज राखाडी केलंत, म्हणजे लाल 0.7 ने आणि निळा 1.75 ने गुणला. क्षितिज आलं 35, 35, 35. छान. पण तोच गुणाकार डोक्यावरच्या आकाशालाही लागला: 7, 10, साडेसतरा. गडद निळं. मग ते विचित्र दिसतंय म्हणून टिंट मॅजेन्टाकडे नेला, सॅच्युरेशन वाढवलं, आणि जांभळं वांगं तयार झालं. करायला हवं होतं ते इतकंच: क्षितिजातून 40, 25, 10 वजा. उरतात 10, 10, 10, आणि वरच्या आकाशाला धक्काही लागत नाही.

ही वजाबाकी फोटो उजळवण्याच्या आधी करायची, कारण कर्व्ह (उजेड वाढवायची रेषा) ओढल्यावर आकडे मूळ प्रमाणात राहत नाहीत. म्हणून माझा क्रम असा. रॉ फाइल्स थेट सिक्वेटरमध्ये, फ्रेम रचणारं ते सॉफ्टवेअर विंडोजवर मोफत आहे. त्यात ताऱ्यांच्या फ्रेम, डार्क आणि फ्लॅट वेगवेगळ्या जागी टाकायचे, आकाशाचा भाग ब्रशने रंगवून द्यायचा आणि ‘फ्रीझ ग्राउंड’ निवडायचं, म्हणजे तारे ताऱ्यांवर जुळतात आणि डोंगर जागच्या जागी राहतो. त्यातलं ‘लाइट पोल्युशन कमी करा’ हे बटण बंद ठेवा, ते फार आडदांड आहे. बाहेर 16 बिटची टिफ फाइल काढा. मॅक किंवा लिनक्स असेल तर सिरिल आहे, तेही मोफत आणि जास्त ताकदीचं, पण शिकायला वेळ लागतो. विमानं आणि स्टारलिंक उपग्रहांच्या रेघा असतील तर सिरिलमधलं सिग्मा क्लिपिंग त्या झाडून टाकतं. वीस फ्रेमपैकी एकाच फ्रेममध्ये असलेली रेघ त्याला उपरी म्हणून ओळखू येते.

मग टिफ ग्राक्सपर्टमध्ये, जे शहराचा हा उजेड काढून टाकतं, आणि सुधारणेचा प्रकार ‘सब्ट्रॅक्शन’, म्हणजे वजाबाकी. डोंगर आधी कापून किंवा झाकून टाका, नाहीतर ते सॉफ्टवेअर डोंगरालाही काळं आकाश समजतं. आणखी एक खड्डा इथे आहे. आकाशाचा उजेड मोजायला नमुन्याचे ठिपके ते आपोआप टाकतं तेव्हा काही ठिपके आकाशगंगेवर पडतात. मग ते आकाशगंगेलाच प्रदूषण समजून वजा करतं आणि मध्ये फिका पट्टा उरतो. आकाशगंगेवरचे ठिपके एकेक करून काढून टाका. सिरिलमध्ये हेच करत असाल तर पॉलिनोमियलची डिग्री 1 ठेवा, फार तर 2, म्हणजे वजाबाकीचा आकार साधा राहतो.

यानंतर गिम्प किंवा जे हाताशी असेल त्यात कर्व्ह. एकाच झटक्यात ओढू नका, चार-पाच छोट्या उचलींत करा. दर वेळी हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डावा पाय पाहा. आकाशाची पार्श्वभूमी 255 पैकी 25-30 च्या खाली नेऊ नका. रात्रीचं आकाश काजळासारखं काळं नसतं, आणि काळे पट्टे जे दिसतात ती आपल्या आणि मागच्या ताऱ्यांच्या मधली धूळ आहे. पार्श्वभूमी चिरडली की ती धूळ आणि रिकामं आकाश सारखंच काळं होतं, मग सगळी मेहनत कशाला?

रंगांबद्दल माझं मत ठाम आहे. मध्याजवळची आकाशगंगा पिवळसर, मातकट, गुळाच्या पाकासारखी असते, कारण तिथे जुने पिवळे तारे आणि धूळ आहे. निळी नाही, जांभळी तर नाहीच. विंचवातला ठळक तारा ज्येष्ठा, ती नारिंगी दिसायला हवी. ती पांढरी किंवा गुलाबी झाली असेल तर कुठेतरी चुकलंय, मी तिलाच रंगाचं माप म्हणून वापरतो. क्षितिजाजवळ हिरवट झाक आली तर ती वातावरणाची स्वतःची चमक असू शकते, लगेच पुसू नका. लाल तेजोमेघ मात्र फारसे येणार नाहीत. हायड्रोजनचा तो लाल प्रकाश 656 नॅनोमीटरचा, आणि साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. पोर्ट्रेटमध्ये कातडी नीट दिसावी म्हणून तो तिथे असतो. लोकांच्या फोटोत लालभडक ढग दिसतात ते बहुधा फिल्टर बदललेल्या कॅमेऱ्यातले, सॅच्युरेशन वाढवून तुम्हाला ते मिळणार नाहीत.

नॉइझ काढताना रंगाचा नॉइझ मोकळेपणाने काढा, प्रकाशाचा अगदी थोडा. एआयवाले डिनॉइझ एका फ्रेमवर चालवले तर बारीक ताऱ्यांच्या अळ्या करतात. आणि रात्री अंधाऱ्या खोलीत एडिट केलेला फोटो त्याच रात्री कुणाला पाठवू नका. सकाळी चहा घेताना पुन्हा उघडा. दहापैकी आठ वेळा मी सॅच्युरेशन निम्म्यावर आणतो.

दुसरीकडचा डोंगर आणि तिसरीकडचं आकाश जोडून केलेल्या चित्रांबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो: करा, पण खाली लिहा. राजगडाच्या उत्तरेला उभी केलेली आकाशगंगा बघून गडावर नेहमी जाणाऱ्या माणसाला दोन सेकंदांत कळतं.

आता 50 मिमीची लेन्स, जी तुम्ही बॅगेतून काढलीच नाहीत. ती हिवाळ्यासाठी ठेवा. क्रॉप सेन्सरवर तिच्यात साधारण 27 बाय 18 अंश आकाश मावतं. काक्षीपासून राजन्यापर्यंत अख्खं मृग नक्षत्र लांबीच्या बाजूने आरामात बसतं. एफ/1.8 ला कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे होतात, एफ/2.8 वर जरा शहाणे होतात. 4 सेकंदांच्या दीडशे फ्रेम, म्हणजे एकूण दहा मिनिटांचा प्रकाश. दर पंचवीस फ्रेमनंतर मृग पुन्हा चौकटीच्या मध्याला आणा. तेवढ्यात तलवारीतला तेजोमेघ गुलाबी-निळा उमलून येतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला, नोव्हेंबर-डिसेंबरात, संध्याकाळी देवयानी दीर्घिकेवरही हाच प्रयोग करा. आकाशात ती पौर्णिमेच्या चंद्राच्या सहापट लांब आहे, मोठी दुर्बीण लागते हा गैरसमज.

पैसे खर्च करायचेच असतील तर दीड लाख कॅमेऱ्यात नका घालू. आधी वाऱ्यात न हलणारा ट्रायपॉड, मग दवाचा पट्टा, मग वापरलेली 11-16 मिमी एफ/2.8 सारखी लेन्स. ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर त्याच्याही नंतर. ट्रॅकरला ध्रुवतारा दिसावा लागतो, आणि आपल्याकडे तो जेमतेम साडेअठरा अंशांवर, सह्याद्रीत बरेचदा पुढच्या डोंगराआड. जागा निवडताना दक्षिण मोकळी आणि उत्तरही मोकळी असं दोन्ही बघावं लागतं, ते पहिल्या वर्षी जमत नाही. शिकायला माणसं हवी असतील तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ. त्यांच्या आकाशदर्शनाला गेलात तर ट्रॅकर हाताळून बघणंही होईल, विकत घेण्याआधी.

माळशेजच्या फाइल्स डिलीट करू नका. 25 सेकंदांच्या किती आहेत? दहाच्या वर असतील तर आज रात्रीच त्या सिक्वेटरमध्ये टाका, वजाबाकी करून बघा, आणि शेवटी चित्र निम्म्या आकाराचं करा. आठ पिक्सेलची रेघ चारवर येते, आणि सहा मेगापिक्सेल आठ बाय दहाच्या प्रिंटला पुरतात. आकाशगंगा त्यात नाही, पण पुण्याचा नारिंगी कसा वजा होतो ते त्या फाइल्सवर फार चांगलं शिकता येईल. इतका नारिंगी मुद्दाम मागूनही मिळत नाही.